मुक्तद्वार

१ मे १९६४ची पहाट, वेळ चारची. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातील हॅनोव्हर या लहानशा गावात, डार्टमथ कॉलेजच्या एका तळघरात गणिताचे प्राध्यापक जॉन केमेनी आणि त्यांचा एक विद्यार्थी दोन टेलिटाइपपुढे बसले होते. दोघांनी आपापल्या यंत्रावर 'रन' टंकले आणि एकाच संगणकाने दोघांनाही उत्तर दिले. 'बेसिक' ही संगणकभाषा त्या पहाटे चालू लागली. पुढे सहा वर्षांनी केमेनी याच कॉलेजचे अध्यक्ष झाले.

केमेनींचा जन्म १९२६चा, बुडापेस्टचा. ज्यू कुटुंबातला हा मुलगा १९४०मध्ये अमेरिकेत आला. प्रिन्स्टनला शिकत असतानाच लष्करी सेवेत लॉस अलामॉसला त्याने अणुबॉम्ब प्रकल्पाची आकडेमोड केली, तीही छिद्रित कार्डांच्या यंत्रांवर, रात्रंदिवस. पुढे तो आइन्स्टाइन यांचा गणितातला सहायक झाला आणि १९५३मध्ये डार्टमथला आला.

तेव्हा कॉलेजकडे संगणक नव्हता. केमेनींचे सहकारी टॉमस कुर्ट्झ कार्डांची पेटी घेऊन आगगाडीने बोस्टन गाठत आणि एमआयटीच्या यंत्रावर काम करून घेत. एक स्वल्पविराम चुकला, तरी पुन्हा सगळी फेरी. असे यंत्र मूठभर तज्ज्ञांचेच राहणार, हे दोघांनाही दिसत होते. आणि डार्टमथचे सुमारे तीन चतुर्थांश विद्यार्थी तर विज्ञानाबाहेरचे. उद्या कारभार हाकतील ते हेच, मग त्यांनी संगणक ओळखायचा कुठे?

उत्तर त्यांना ग्रंथालयात सापडले. मुक्तद्वार ग्रंथालयात वाचक थेट कपाटापाशी जातो, हवे ते पुस्तक काढतो. कशासाठी हवे, असे त्याला कोणी विचारत नाही. संगणकही तसाच मिळावा, विनामूल्य आणि विनापरवानगी, हा केमेनींचा आग्रह. त्यासाठी कालविभागणीची पद्धत स्वीकारली: यंत्र प्रत्येकाला क्षणभर वेळ देऊन पुढच्याकडे वळते, पण इतक्या झपाट्याने, की प्रत्येकाला ते आपलेच वाटावे. ही प्रणाली मुख्यत्वे पदवीच्या विद्यार्थ्यांनीच लिहिली. काम सुरू करायचा आदेश होता 'हॅलो', संपवायचा 'गुडबाय'.

१९७० ते १९८१ या अध्यक्षपदाच्या काळात केमेनींनी हाच विचार कॉलेजच्या दाराला लावला. १७६९पासून केवळ पुरुषांचे असलेले डार्टमथ १९७२मध्ये मुलींना खुले झाले. अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या शिक्षणाचे वचन सनदेतच होते, पण दोनशे वर्षांत त्यांच्यातले जेमतेम १९ पदवीधर झाले होते. केमेनींनी ते वचन पुन्हा हाती घेतले. या सगळ्यात वर्गावर शिकवणे त्यांनी सोडले नाही. १९७९मध्ये थ्री माइल आयलंडच्या अणुअपघाताची चौकशी करणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आले.

बेसिक आपल्याकडेही पोचली. १९८४मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' प्रकल्प काढला, त्यातल्या बीबीसी मायक्रो संगणकांवर हीच भाषा होती. भाषा आली, यंत्रे आली. पण तासापुरते उघडून पुन्हा कुलूप घातली जाणारी संगणकाची खोली आपल्याला अजून अनोळखी नाही. 'मुले बिघडवतील' ही धास्ती त्या कुलपामागे असते. केमेनींनी कॉलेजमधले महागडे यंत्र विशीतल्या मुलांच्या हाती दिले आणि मुलांनी ते चालवून दाखवले. शिक्षणात तंत्रज्ञान आणू पाहणाऱ्या प्रत्येक प्राचार्याने खरेदीची यादी करण्याआधी त्या खोलीची किल्ली कुणाकडे राहणार, हे ठरवावे.