कडकनाथच्या अंड्यातून भलतंच पिल्लू!

फ्रायडेला सहाच्या ठोक्याला माझा लॅपटॉप बंद. टीम कोरेगाव पार्ककडे वळते आणि मी पौडमार्गे मुळशीकडे. तिथे बाबांची अर्धा एकर जागा आहे आणि तिच्यात माझ्या चाळीस कोंबड्या. हसा! ऑफिसमध्येही सगळे आधी हसले, मग हळूच अंड्यांचे रेट विचारायला लागले.

डिमांड अर्थातच कडकनाथला. मूळची झाबुआची, 2018 मध्ये जीआय टॅग मिळालेली, आणि 2020 मध्ये धोनीने पिल्लांची ऑर्डर दिल्यावर तर एकदम सेलिब्रिटी! पिसं, कातडी, मांस, सगळं काळं. (अंडं मात्र फिकट बदामी असतं हं. काळं अंडं कुणी विकायला आणलं, तर पळा.) शिवाय ह्या मॅडम अंडी देतात, पण उबवायला सहसा बसत नाहीत. ते काम माझ्याकडे खुडूक झालेली गावरान कोंबडी करते.

तर झालं असं, की ऑफिसमधल्या चौघांकडून मी प्युअर कडकनाथ पिल्लांचा ॲडव्हान्स घेतला. तोवर माझा ऱ्होड आयलंड रेड जातीचा तांबडा कोंबडा सगळ्यांमध्ये मोकळा फिरायचा. त्याला वेगळ्या खुराड्यात टाकलं, कडकनाथ कोंबडा आणला आणि तिसऱ्या दिवसापासून अंडी जमवली. उबवायला ठेवल्यावर एकविसाव्या दिवशी बारा पिल्लं बाहेर. सो क्यूट! पण तिथलं सगळं बघणाऱ्या मावशी पिल्लांचे पाय न्याहाळून म्हणाल्या, "ताई, ही पाच तर तांबड्याची हाईत!" खरंच, पाचांचे पाय फिके होते.

मग वाचावाचं केली आणि ट्यूब पेटली. कोंबडा दूर केला तरी त्याचं वीर्य कोंबडीच्या शरीरात दोन आठवड्यांहून जास्त टिकू शकतं. म्हणजे कोंबडा बदलल्यावर पहिल्या तीन आठवड्यांची अंडी सरळ ऑम्लेटला!

आता काय? पिसांवरून ऑफिसात कुणालाच काही कळलं नसतं. रविवारची रात्र त्याच विचारात गेली, खोटं कशाला बोलू. सोमवारी कॉफी मशीनपाशी चौघांना सांगून टाकलं. दोघांनी पैसे परत घेतले, एकाने 'मिक्स'वालीच मागितली, वर डिस्काउंटही! चौथी थांबलीय.

तांबडा पलीकडच्या खुराड्यातून रोज बोंबलतोय. माझ्या फोनवर रिमाइंडर लागलाय: बाविसाव्या दिवसापासून अंडी जमवणे.