दोन किलोमीटरचा धूर

रत्नागिरीत प्रदूषण कसले, समोर समुद्र आहे, असे आपण सहज म्हणून जातो. मीही म्हणत असे. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी एका सकाळी मारुती मंदिराहून स्कूटरने रामआळीत खरेदीला गेलो. स्कूटर लावून नातवाचा हात धरून चालू लागलो, तोच वाहने अडकली आणि पोर खोकू लागले. त्याचे नाक सायलेन्सरला माझ्या नाकापेक्षा कितीतरी जवळ होते. मग या धुराकडे मी नीट पाहायला लागलो.

आधी वारा पाहू. दिवसा जमीन तापली की समुद्रावरून खारे वारे येतात आणि धूर पांगतो. रात्री जमीन लवकर निवते आणि मतलई वारे समुद्राकडे वाहतात. या अदलाबदलीच्या वेळी हवा थबकते. पावसाळ्यानंतरच्या निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा थंड होते, ती सकाळी लवकर वर चढत नाही. नेमक्या त्याच वेळी शाळा आणि कचेऱ्यांची धावपळ असते.

आता इंजिन. आजच्या पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमार्गात उत्प्रेरक असतो. तो कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेल्या हायड्रोकार्बनचे रूपांतर कमी घातक वायूंत करतो. पण साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापल्याशिवाय तो नीट काम करत नाही. शिवाय थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागते. म्हणजे फेरीतला बराचसा विषारी धूर पहिल्या काही मिनिटांतच बाहेर पडतो. मारुती मंदिर ते रामआळी अंतर जेमतेम दोनेक किलोमीटर. उत्प्रेरक तापून कामाला लागतो, तोवर आपण गाडी स्टँडवर लावत असतो!

पीयूसीच्या कागदात हे दिसत नाही, कारण ती तपासणी तापलेल्या इंजिनाची असते.

कायद्याने पुष्कळ साधले आहे. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक लागू झाले आणि इंधनातील गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आली. दिल्लीत न्यायालयाच्या आदेशाने बसगाड्या सीएनजीवर गेल्या. मात्र थंड इंजिनाची छोटी फेरी कुठलाही कायदा थांबवू शकत नाही. ती आपल्याच हातात आहे.

मोठ्या शहरात अंतर लांब, म्हणून गाडी सोडणे अवघड. आपल्या गावात अंतर छोटे, म्हणून सर्वांत घाण फेरी सोडणे सर्वांत सोपे. चार कामे एका फेरीत करावीत, खोळंबा असेल तर इंजिन बंद ठेवावे. नवी दुचाकी घ्यायचीच तर विजेची घ्यावी. टायर आणि ब्रेकची धूळ तिचीही उडते, पण नाक्यावर धूर नाही.

मी आता बाजाराकडे उतारावर पायी जातो आणि येताना पिशव्या घेऊन एसटीची शहर बस धरतो. बस कधी उशिरा येते, कधी भरलेली असते. अशा वेळी स्कूटरची आठवण येते, नाही असे नाही. पण नातवाचा हात हातात असतो.