पॉइंट काढावेत की ठेवावेत? : जुन्या बुलेटच्या ठिणगीविषयी

तत्त्वज्ञानाच्या माणसानं मोटरसायकलवर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण प्रश्न विचार करण्यासारखा आहे. जुन्या, बिडाच्या इंजिनाच्या बुलेटचे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं का? गॅरेजमध्ये उत्तर तयार असतं, ‘बसवून टाका साहेब, कटकट संपेल.’ ही कटकट नेमकी कशाची, ते आपण आधी बघू या.

१९५५ साली मद्रासला एन्फील्ड इंडिया सुरू झाली आणि पुढे कित्येक दशकं बुलेट पॉइंटवरच चालली. रचना साधी आहे. पॉइंट मिटलेले असले की बॅटरीचा करंट कॉइलमधून जातो आणि तिथं चुंबकक्षेत्र तयार होतं. कॅम पॉइंट उघडतो, करंट तुटतो, ते क्षेत्र कोसळतं. कॉइलच्या बारीक तारेच्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट तयार होतात आणि प्लगला ठिणगी पडते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवलेलं तत्त्व ते हेच. म्हणजे बघा, ठिणगी पडते ती करंट तुटण्याच्या क्षणी. तो तुटणं झटक्यात आणि वेळेवर व्हायला हवं.

आता हिशोब करू. फोर-स्ट्रोक इंजिनाला दोन फेऱ्यांत एक ठिणगी लागते. ३००० आरपीएमला मिनिटाला १५००, तासाला ९०,०००. इतक्या वेळा पॉइंट उघडतात. कंडेन्सर असूनही त्यांची तोंडं हळूहळू जळतात, खड्डे पडतात. शिवाय कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजते. मग ०.३५ ते ०.४० मिलिमीटरची गॅप कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे पडतं. गाडी ओढत नाही, तापते. कटकट ती हीच.

इलेक्ट्रॉनिक किटमध्ये हे काम बहुधा फिरणारं चुंबक आणि सेन्सर करतात. अनेक किट १८७९ साली एडविन हॉल यांना सापडलेल्या परिणामावर चालतात. सेन्सर खूण देतो, ट्रान्झिस्टर करंट तोडतो. घासणारं काही नाही, म्हणून टायमिंग हलत नाही. हा फायदा खरा आहे.

मग अडचण कुठे? पॉइंट बिघडतात ते बहुधा सांगून. गाडी मिसिंग करते, किक जास्त लागतात. रस्त्याकडेला पॉलिश पेपर आणि फीलर गेज असलं की घरी पोचता येतं. बंद डबी मात्र बहुतेक वेळा एकदम जाते, आणि ती उघडून काही करता येत नाही. मार्टिन हायडेगर यांनी १९२७ च्या ग्रंथात म्हटलं आहे, की हत्यार नीट चालतं तोवर आपलं त्याच्याकडे लक्षच नसतं. बिघडलं की ते दिसतं. डबी बिघडली की आपल्याला फक्त डबी दिसते. दुरुस्तीचं ज्ञान आपल्या हातातून कारखान्याकडे गेलेलं असतं. हा व्यवहार वाईट नाही, पण तो समजून करावा.

म्हणून आमचं सांगणं असं. आधी पॉइंट नीट लावा, कंडेन्सर नवा टाका. मिसिंग कार्बोरेटरमुळे, अशक्त बॅटरीमुळे किंवा सैल अर्थिंगमुळे असेल, तर डबी बसवूनही ते जाणार नाही. मग गाडी ६ व्होल्टची की १२ची, अर्थ निगेटिव्ह की पॉझिटिव्ह, हे तपासा. कॉइल किटवाल्यानं सांगितलेल्या रेझिस्टन्सचीच हवी. कमी रेझिस्टन्सची असेल तर ट्रान्झिस्टर जळू शकतो. सीडीआयची कॉइल वेगळी असते, ती इथं जोडू नका. ॲडव्हान्सची जुनी वजनं ठेवायची असतील, तर ती मोकळी हलतात ना, ते पाहा. बसवल्यावर टायमिंग लाइटनं खात्री करा. टायमिंग फार पुढे असेल तर किक उलटी मारते आणि पाय दुखावतो. चॅसीला वेल्डिंग करायचं झालं, तर आधी डबीची जोडणी सोडवा.

रोज लांब जायचं असेल, तर जरूर बसवा. महिन्यातून चारदा गाडी काढणाऱ्याला, ज्याला गॅप लावता येते, घाई नाही. पण बसवलीत तरी जुनी पॉइंटची प्लेट, कॅम आणि कंडेन्सर टूलबॉक्समध्ये राहू द्या, आणि ते परत बसवायला एकदा घरीच शिकून घ्या. रात्री घाटात डबी गेली, तर त्या शिकण्याची किंमत कळेल.