मेक्सिकोचा गोडवा – ९ : दुधात सोडा कशाला?

या आठवड्यात कोन्चा या मेक्सिकन गोड पावाच्या वरच्या साखरेच्या टोपीबद्दल लिहायचं ठरलं होतं. ती आता पुढच्या शनिवारी. बकरीचं दूध साखर घालून आटवून करायच्या काहेताची कृती छापून आल्यावर नाशिकच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आणि त्यांचा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. दुधात सोडा घालणं म्हणजे आपल्याकडे सरळसरळ भेसळ; मग घरच्या मुलांसाठी करायच्या पदार्थात तो कशाला? वगळला तर चालणार नाही का?

नाही चालणार. पण त्यांची शंका अगदी रास्त आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल. उन्हाळ्यात दूध आंबायला लागलं की काही विक्रेते त्यात सोडा टाकतात. आम्लता मारली जाते, दूध तापवल्यावर नासत नाही आणि गिऱ्हाइकाला ते ताजं वाटतं. म्हणूनच विक्रीच्या दुधात सोडा घालायला बंदी आहे. डेअरीत रोझॉलिक आम्लाचे थेंब टाकून बघतात. दूध गुलाबी झालं की चोरी उघड. इथे सोडा दुधाचा शिळेपणा लपवतो, हा खरा गुन्हा. काहेतात सोडा पडतो तो ताज्या, निकोप दुधात. आधी घडून गेलेलं झाकायला नव्हे, पुढच्या दीड-दोन तासांत जे घडणार आहे त्याची तजवीज म्हणून.

घडतं ते असं. ताज्या दुधाचा पीएच साधारण ६.६ ते ६.७ असतो, म्हणजे ते किंचित आम्लच. आटायला लागलं की पाणी उडून जातं आणि बाकी सगळं एकवटतं. दुधातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट उष्णतेने एकत्र येऊन बाहेर पडतं, त्यात आम्लता आणखी वाढते. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, फार वेळ तापली की तिच्यातूनही थोडं आम्ल तयार होतं. या सगळ्यात केसीन हे दुधातलं मुख्य प्रथिन दम सोडतं आणि बारीक दाणे धरतं. कलाकंदात तेच दाणे आपल्याला हवे असतात. काहेता मात्र चमच्यावरून रेशमासारखी ओघळली पाहिजे. सोडा वाढती आम्लता शोषून घेतो आणि केसीनला शेवटपर्यंत सांभाळतो.

त्यातून हे दूध बकरीचं. गाईच्या दुधापेक्षा ते उष्णतेला लवकर हार खातं, आणि मेक्सिकोत ग्वानाह्वातो राज्यातल्या सेलाया शहराची काहेता बकरीच्याच दुधाची. बकऱ्या आणि ऊस दोन्ही तिथे आले सोळाव्या शतकात, स्पॅनिश लोकांबरोबर. त्या कोरड्या मुलखात बकरी चांगली रुजली, आणि दूध साखर घालून आटवलं की टिकतं, हे तिथल्या घरांनी हेरलं.

सोड्याचं दुसरं काम मला पहिल्याहून जास्त आवडतं : रंग. आपली बासुंदी तासभर आटवली तरी फिकटच राहते, काहेता मात्र गडद तांबूस होते. पुष्कळांना वाटतं, साखर जाळून घातली असेल. तसं काही नाही. लॅक्टोज आणि प्रथिनं तापून एकमेकांशी जोडली जातात आणि त्यातून तो रंग, तो खमंग वास येतो. लुई कामीय मेयार या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९१२ मध्ये ही प्रक्रिया मांडली, आणि तिला त्याचंच नाव मिळालं. आम्लता कमी असली की ती वेगाने होते. आपण वरून घातलेल्या साखरेचा यात थेट वाटा फारसा नसतो. रंगाचं श्रेय मुख्यतः दुधालाच जातं.

आता हात कसा ठेवायचा ते. मागच्या खेपेच्या २ लिटर दुधाला सपाट अर्धा छोटा चमचा खाण्याचा सोडा पुरतो. जास्त पडला तर रंग फार लवकर चढतो आणि चव साबणासारखी लागते. आधी अर्धी वाटी दूध वेगळं उकळून बघा; नासलं तर त्या दुधाची काहेता करू नका, सोड्याने वाचवायला तर मुळीच जाऊ नका. दूध, साखर, दालचिनी उकळीला आली की पातेलं खाली उतरवा, सोडा चमचाभर पाण्यात विरघळवून घाला आणि हलवत राहा. फेस झपाट्याने वर येतो, म्हणून पातेलं दुधाच्या दुप्पट मापाचं तरी हवं. फेस बसला की पुन्हा मध्यम आचेवर. बदामी छटा दिसली की मात्र हात थांबवायचा नाही. उलथणं फिरवल्यावर बुडाशी क्षणभर रेघ उमटली की गॅस बंद. निवताना काहेता आणखी घट्ट होते.

तिकडे काहेता तांब्याच्या मोठ्या कढयांत करतात. मिचोआकान राज्यातलं सांता क्लारा देल कोब्रे हे गाव ठोक्याच्या तांब्याच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तांब्यात आच सगळीकडे सारखी पसरते. घरी जाड बुडाचं स्टीलचं पातेलं किंवा ताज्या कल्हईचं पितळी पातेलं उत्तम.

दूध कुठून आणायचं, असंही या पत्रात विचारलं आहे. नाशिककरांना संगमनेरी शेळी जवळ, मराठवाड्यात उस्मानाबादी. शेळ्या पाळणाऱ्याकडून थेट घ्या आणि बोकड वेगळा बांधतो का, हे विचारा. बोकड जवळ असला की दुधाला उग्र वास लागतो. शेळीचं मिळालंच नाही तर गाईचं दूध घ्या, सोडा निम्मा करा. चव सौम्य होईल, रंग तरीही चढेल.

आणि एकदा बरणी भरली की तिथल्या घरांत करतात तसं करून पाहा. मैद्याची पातळ धिरडी लोण्यावर काढून चौघडी घाला. काहेता थोड्या दुधात सैल करून गरम गरम वर ओता आणि भाजलेले पिकान किंवा अक्रोड पसरा. तिकडे याला क्रेपास दे काहेता म्हणतात. मुलं जेवायला बसली की मगच काहेता गरम करायला ठेवा. ही धिरडी ताटात वाढताक्षणी खायची असतात.