लाइट लागली म्हणजे काम झालं?
घरातली वीज आणि इलेक्ट्रिशियन : काही गैरसमज, काही वस्तुस्थिती

पनवेलमध्ये इलेक्ट्रिशियन शोधायला फार फिरावं लागत नाही. जुन्या गावातले वाडे असोत, नवीन पनवेल-खांदा कॉलनीतल्या सिडकोच्या इमारती असोत की खारघरचे टॉवर, वॉचमनकडे किंवा कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे एखादा नंबर असतोच. खरी अडचण पुढची. प्लंबरचं काम चुकलं तर पाणी गळतं आणि लगेच कळतं. विजेचं काम चुकलं तरी बटण दाबल्यावर लाइट लागते, पंखा फिरतो. चूक उघडी पडते ती बिघाड होतो त्या दिवशी. म्हणून ‘चालतंय ना?’ एवढ्यावर काम पास करू नये. त्यासाठी आधी काही समजुती तपासून घेऊ.

गैरसमज : एमसीबी आहे, म्हणजे शॉकची भीती नाही.

वस्तुस्थिती : एमसीबी वायरला वाचवते, माणसाला नाही. लोड जास्त झाला किंवा शॉर्ट सर्किट झालं, तर वायर तापून जळू नये म्हणून ती पडते. आकडे मांडून बघा. घरात 230 व्होल्ट येतात. ओल्या हाताने फेजला स्पर्श झाला आणि शरीराचा रोध साधारण 1000 ओहम धरला, तर अंगातून 0.23 अँपिअर, म्हणजे 230 मिलीअँपिअर प्रवाह जातो. हृदयाची लय बिघडायला याहून बराच कमी प्रवाह पुरतो. पण 16 अँपिअरच्या एमसीबीला हा लोड जेमतेम 50 वॉटच्या बल्बएवढा. ती कशाला पडेल?

माणसासाठी असते ती आरसीसीबी; अनेक घरांत तिला अजूनही ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह ती सतत ताडून पाहते. घरासाठीची आरसीसीबी 30 मिलीअँपिअरची घ्यावी. तेवढा प्रवाह अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत निसटू लागला, की ती सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडते. मात्र एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला, तर तिला काही वावगं दिसत नाही. त्यामुळे ती आहे म्हणून चालू लाइनवर काम करायचं नाही.

गैरसमज : पावसाळ्यात आरसीसीबी उगाच पडते. डायरेक्ट करून घेतलेली बरी.

वस्तुस्थिती : ती सहसा उगाच पडत नाही. पनवेलच्या पावसात बाहेरच्या भिंतीतला पाइप, गच्चीवरचा दिवा किंवा बाल्कनीतला बोर्ड ओल धरतो आणि तिथून प्रवाह गळू लागतो. कधी गीझरचं जुनं एलिमेंट किंवा वॉशिंग मशीन कारण असतं. चांगला कारागीर सगळ्या एमसीबी खाली करतो, आरसीसीबी वर करतो आणि मग एकेक एमसीबी चढवत जातो. जिच्यावर आरसीसीबी पडेल, त्या लाइनवर बहुधा दोष असतो. सगळ्या बंद असतानाही ती टिकत नसेल, तर न्यूट्रल कुठे तरी अर्थला टेकला आहे का, हे बघायचं. ही मेहनत टाळून जो ‘डायरेक्ट करून देतो’ म्हणतो, त्याला दारातूनच परत पाठवा.

गैरसमज : एमसीबी सारखी पडते, तर मोठ्या अँपिअरची लावावी.

वस्तुस्थिती : एमसीबीचा आकडा ठरतो मागच्या वायरवरून. दिवे-पंख्यांना सहसा 1.5 चौरस मिलिमीटरची वायर असते, 16 अँपिअरच्या पॉवर पॉइंटला 2.5 ची आणि एसी-गीझरच्या स्वतंत्र लाइनला बहुधा 4 ची. 2.5 च्या वायरवर 32 अँपिअरची एमसीबी बसवली, तर आधी वायर तापेल आणि एमसीबी बघत राहील.

एक्स्टेन्शन बोर्डाचंही तेच. छोट्या पिनेच्या सॉकेटची मर्यादा 6 अँपिअर, म्हणजे 1380 वॉट. दोन हजार वॉटच्या गीझरला किंवा इंडक्शन शेगडीला जवळपास 9 अँपिअर लागतात. मोठ्या पिनेचा प्लग छोट्या सॉकेटात बसवून देणारा कन्व्हर्टर दुकानात मिळतो, म्हणून सॉकेटची ताकद वाढत नाही. घरात नवा एसी येणार असेल, तर बिलावरचा ‘मंजूर भार’ही वाचा आणि गरज असेल तर महावितरणकडे वाढवून मागा.

गैरसमज : सॉकेटला तीन भोकं आहेत, म्हणजे अर्थिंग आहे.

वस्तुस्थिती : वरच्या मोठ्या भोकामागे हिरवी वायर आहे का आणि ती जमिनीपर्यंत पोचते का, हा खरा प्रश्न. काही जुन्या घरांत अर्थची वायरच नसते. मग एखादा कारागीर सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात वायरचा तुकडा टाकून मोकळा होतो. यंत्र चालतं, पण हा धोकादायक शॉर्टकट आहे. मागे कुठेही न्यूट्रल तुटला, की फेज यंत्रातून फिरून त्याच तुकड्यावाटे फ्रिजच्या किंवा वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर येतो.

गैरसमज : टेस्टर पेटला की लाइन ठीक, बटण बंद केलं की धोका संपला.

वस्तुस्थिती : टेस्टर फक्त फेज दाखवतो. न्यूट्रल शाबूत आहे का, अर्थिंग काम करतं का, हे त्याला कळत नाही. त्यासाठी मीटर लावून मोजावं लागतं. बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेलं असेल, तर ते बंद असतानाही होल्डरमध्ये फेज असतो. बल्ब बदलतानाही मेन स्विच बंद करावा तो यासाठी.

गैरसमज : अनुभवी माणूस असला की लायसन्सची गरज नाही.

वस्तुस्थिती : बल्ब, पंखा, फ्यूज किंवा स्विच जसाच्या तसा बदलायला लायसन्स लागत नाही. पण नवं वायरिंग, वाढीव पॉइंट, एसीची वेगळी लाइन अशी कामं राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारामार्फतच करून घ्यावी लागतात. देखरेख करणाऱ्या पर्यवेक्षकाकडे सक्षमता प्रमाणपत्र आणि हात लावणाऱ्या तारतंत्र्याकडे परमिट हवं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या आणि नंतरच्या 2023 च्या विनियमांत ही अट आहे. त्याआधी 1956 च्या भारतीय वीज नियमांतही होती. आयटीआयचं प्रमाणपत्र म्हणजे शिक्षण. परमिट वेगळं घ्यावं लागतं.

गैरसमज : घरात लाइट नाही, म्हणजे महावितरणची तक्रार.

वस्तुस्थिती : मीटरपर्यंतची जबाबदारी महावितरणची, मीटरपुढची वायर आपली. आधी शेजाऱ्याकडे लाइट आहे का बघा. सगळी इमारत अंधारात असेल, तर 1912 या टोल फ्री क्रमांकावर कळवा. आपलंच घर बंद असेल, तर आधी डीबीचं, म्हणजे एमसीबी बसवलेल्या पेटीचं झाकण उघडा. तळमजल्याच्या मीटर रूममध्ये पाणी शिरलं असेल, तर मात्र कोणीही आत पाऊल टाकू नये. आधी महावितरणकडून पुरवठा बंद करून घ्यावा.

आता माणूस ठरवताना. मजुरी बहुधा पॉइंटवर ठरते. एका पॉइंटमध्ये काय काय धरलं आहे आणि सामान कोण आणणार, हे आधीच लिहून घ्या. वायर आयएसआय मार्कची आणि पूर्ण गुंडाळीतली घ्या, म्हणजे छापलेला आकार वाचता येतो. पैसे हातात ठेवण्याआधी त्याच्याकडून तीन गोष्टी करून घ्या : डीबीच्या झाकणावर कोणती एमसीबी कोणत्या खोलीची हे लिहून घेणं, नव्या सॉकेटचं अर्थिंग मीटरने मोजून दाखवणं आणि आरसीसीबीवरचं ‘टी’ लिहिलेलं बटण तुमच्यासमोर दाबणं. ते दाबल्यावर घरातली लाइट गेली पाहिजे. गेली नाही, तर काम अजून बाकी आहे.