मुलांच्या बागेत माती हवी

दिवाळीची सुटी लागली की पुण्या-मुंबईतील सोसायट्यांच्या आवारात अजूनही किल्ले उभे राहतात. कोणी माती आणतो, कोणी विटांचे तुकडे, कोणी जुने गोणपाट. बुरूज ढासळतो, पुन्हा रचला जातो. उतारावर अळीव पेरले जातात. हाका मारूनही मुले घरात येत नाहीत. हीच मुले एरवी महापालिकेच्या उद्यानात गेली की घसरगुंडीवरून दहा वेळा घसरतात, झोपाळ्यासाठी रांग लावतात आणि अर्ध्या तासात कंटाळतात. सध्या जगभर चर्चेत असलेल्या ‘निसर्गाधारित क्रीडांगणा’चे मर्म या फरकात आहे.

घसरगुंडीचे काय करायचे, हे ती बनविणाऱ्याने आधीच ठरविलेले असते. माती, पाणी, काटक्या आणि दगड यांचे तसे नसते. त्यांचे काय करायचे ते मूलच ठरविते. सायमन निकोल्सन या ब्रिटिश अभ्यासकाने १९७१ मध्ये ‘सुट्या वस्तूंचा सिद्धांत’ मांडला. परिसरात हलविता आणि बदलता येण्याजोग्या गोष्टी जितक्या अधिक, तितका कल्पकतेला वाव अधिक, असे त्याचे सार सांगता येईल. भातुकली, चिंचोके आणि सागरगोटे यांवर वाढलेल्या पिढ्यांना यात नवे काही वाटणार नाही. नवे आहे ते हे, की शहराच्या उद्यानात अशा खेळासाठी आता मुद्दाम जागा आखावी लागते.

या विचाराची सुरुवात डेन्मार्कमध्ये झाली. सी. टी. सोरेन्सन हे उद्यानरचनाकार मुलांसाठी आखीव क्रीडांगणे करीत असत. पण मुले ती सोडून बांधकामाच्या आवारात, भंगारात रमतात, हे त्यांच्या लक्षात आले. १९३१ मध्ये त्यांनी भंगाराच्या क्रीडांगणाची कल्पना मांडली आणि १९४३ मध्ये, देश जर्मन सैन्याच्या ताब्यात असताना, कोपनहेगनजवळील एमड्रुप येथे ती प्रत्यक्षात आली. आपल्या साऱ्या कामांत हेच सर्वांत कुरूप आणि तरीही हेच सर्वांत सुंदर, अशी कबुली पुढे खुद्द सोरेन्सन यांनी दिली. जर्मनीतील फ्रायबुर्ग शहराने १९९० च्या दशकात याच वाटेने जात लोखंडी साधनांऐवजी मातीचे उंचवटे, खळगे, ओंडके आणि झुडपे असलेली क्रीडांगणे उभारण्यास सुरुवात केली.

आपल्याकडे मात्र या नावाखाली भलतेच काही दिसते. सिमेंटचे झाडाचे खोड, फायबरचा हत्ती, भोवती कुंपण घातलेली हिरवळ आणि ‘गवतावर चालू नये’ असा फलक! कमला नेहरू उद्यानातील म्हातारीच्या बुटाने मुंबईच्या कित्येक पिढ्यांना आनंद दिला, हे खरे. पण बूट हा बूटच राहतो. त्यातच आता अनेक बागांत रबरी फरशी आली आहे. पडणाऱ्या मुलाला ती सांभाळते, यात शंका नाही; पण वैशाखाच्या दुपारी ती चटका बसावा इतकी तापते, आणि उकरायला तिथे काहीच नसते.

मातीचा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. फिनलंडमधील लाहती आणि टाम्पेरे या शहरांतील पाळणाघरांत झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात तीन ते पाच वर्षे वयाची ७५ मुले सहभागी होती. काही पाळणाघरांच्या खडीच्या अंगणात जंगलातील वनस्पतींसह उचललेली माती व गवताचे थर आणून अंथरण्यात आले. अवघ्या २८ दिवसांत तेथील मुलांच्या त्वचेवरील सूक्ष्मजीवांची विविधता वाढली आणि प्रतिकारशक्तीला ताळ्यावर ठेवणाऱ्या घटकांत रक्ततपासणीत अनुकूल बदल आढळले. मुलांची संख्या थोडी आणि काळ अल्प होता, त्यामुळे या मुलांना पुढे आजार कमी होतील, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. ‘हात मळवू नकोस’ या घरोघरीच्या आज्ञेचा फेरविचार करण्याइतके बळ मात्र त्यात निश्चित आहे.

महाराष्ट्रातील शहरांत असे क्रीडांगण करायचे तर परदेशी आराखडा जसाच्या तसा उचलून चालणार नाही. काळी माती पावसात चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून टेकाडाचा गाभा मुरमाचा, वर तांबडी माती आणि हरळी, असा क्रम योग्य. पाणी हवेच, पण साठलेले पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासांना आमंत्रण. हातपंपाने उपसलेले पाणी दगडी पन्हळीतून वाहत जाऊन झाडांच्या आळ्यांत मुरावे, अशी रचना त्यासाठी करता येते. सावली पत्र्याच्या छतापेक्षा झाडांची बरी. जांभूळ, चिंच, बकुळ आणि वड ही झाडे सावलीबरोबर खेळण्याचे सामानही पुरवितात. कण्हेर, बिट्टी, एरंड आणि गुंज मात्र विषारी असल्याने मुलांच्या जागेतून हद्दपारच हव्यात. आणखी एक गोष्ट छाटणीची. खालच्या फांद्या सरसकट तोडल्या की सूरपारंब्या कायमच्या संपतात; निदान एखाद्या झाडाची फांदी मुलांच्या हाताला लागेल एवढ्या उंचीवर राखायला काय हरकत आहे?

पालकांचा पहिला प्रश्न अर्थातच सुरक्षिततेचा असतो. येथे दिसणारा आणि न दिसणारा धोका यांत भेद करावा लागतो. खडकाची उंची मुलाला दिसते, आपल्याला झेपेल की नाही याचा अंदाज ते घेते; हा अंदाज घेणे हाही खेळाचाच भाग. आतून कुजलेला ओंडका, वर आलेला खिळा किंवा वाळूत दडलेली काच मात्र त्याला दिसत नाही. ती शोधणे मोठ्यांचे काम आहे. चढण्याच्या जागेखाली उंचीच्या मानाने पुरेशा जाडीचा वाळूचा किंवा लाकडाच्या भुश्श्याचा थर हवाच, आणि तो दबला की पुन्हा भरावा लागतो.

घोडे पेंड खाते ते येथेच. निविदा काढून घसरगुंडी एकदा बसविली की उद्घाटन उरकते. मातीच्या क्रीडांगणाला रोज माणूस लागतो. कुत्र्या-मांजरांची घाण काढणे, वाळू चाळणे आणि ठराविक काळाने बदलणे, पावसाळ्यापूर्वी ओंडके तपासणे, विस्कटलेले दगड परत ढिगात आणून ठेवणे, ही कामे कोणत्याही कंत्राटात एका रकमेत बसत नाहीत. त्यामुळे असे क्रीडांगण आखताना अंदाजपत्रकात सर्वांत आधी लिहावी लागते ती बागेच्या माळ्याच्या वर्षभराच्या पगाराची रक्कम, आणि त्याला तेथून अन्यत्र हलविले जाणार नाही याची हमी.