पडद्यावरचे शहर

संगणकावरील खेळ म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर गोळीबार उभा राहतो. मला निराळ्या जातीच्या खेळांविषयी बोलावयाचे आहे: एक कोड्याचा, दुसरा प्रतिकृतीचा.

'टेट्रिस' १९८४ साली मॉस्कोतील विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी रचला. त्यांच्या यंत्रावर चित्रे उमटत नसत, म्हणून ठोकळे कंसचिन्हांनी दाखविले होते. चार चौकोनांचे सात आकार एकेक करून वरून उतरतात. ते वळवून बसवावयाचे. आडवी ओळ भरली की ती नाहीशी होते. एवढ्याशा खेळात माणूस तासन्‌तास का रमतो? मला वाटते, जमलेले पुसले जाते आणि फसलेले तेवढे समोर साचत राहते. पुढच्या ठोकळ्याने ते सावरेल ही आशा मात्र सुटत नाही. शिवाय उत्तर चुकले की बरोबर आले, हे तत्क्षणी कळते. वही तपासून येईपर्यंत थांबावे लागत नाही. पुढे गणितज्ञांनी सिद्ध केले की, दोन नागमोडी ठोकळे आलटून पालटून येतच राहिले तर निष्णात खेळाडूही अखेर हरतो. तरी लोक खेळतातच!

अमेरिकेतील विल राइट यांचा 'सिमसिटी' १९८९ साली आला. त्याआधी ते बाँबफेकीचा एक खेळ रचीत होते. त्यातील बेटांचे नकाशे आखताना, उद्ध्वस्त करण्यापेक्षा वसविण्यातच त्यांना अधिक गोडी वाटली. सिमसिटीत ठराविक विजय नाही. वीज द्यावी, रस्ते काढावेत, कर बसवावा. कर फार वाढविला तर वस्ती ओसरते. प्रत्यक्षात ज्या निर्णयाचे फळ दिसण्यास पिढी लोटते, ते येथे घटकाभरात दिसते. हे आकर्षण मोठे आहे, आणि मित्रहो, फसवेही आहे.

कारण टेट्रिसचे नियम उघड्यावर असतात, सिमसिटीचे पडद्याआड. राइट यांना जे फॉरेस्टर यांच्या १९६९ च्या 'अर्बन डायनॅमिक्स' या ग्रंथाने दिशा दिली. गरिबांसाठी स्वस्त घरे बांधल्यास शहराचे अहितच होते, असा निष्कर्ष फॉरेस्टर यांच्या गणितातून निघाला आणि त्यावर कडाडून टीका झाली. शहराभोवतीची उपनगरे त्यांनी हिशेबातच धरली नव्हती, हा एक प्रमुख आक्षेप. यंत्राने उत्तर अचूक काढले असेल. गृहीतक मात्र माणसाचे होते.

सिमसिटीतही असे एक गृहीतक आहे. जमिनीचा तुकडा निवासी, व्यापारी वा औद्योगिक, यांपैकी एकाच कामाचा. अमेरिकी नगररचनेत ही विभागणी रूढ होती, म्हणून तेथील खेळाडूला ती खटकली नसावी. आपल्या इंदूरच्या मुलाला खटकावी. दिवसा सोन्याचांदीचे व्यवहार आणि रात्री त्याच बंद दुकानांपुढे भुट्ट्याचा कीस व गरमागरम जिलेबी, असा आपला सराफा त्या पडद्यावर वसविण्याची सोयच नाही.